पाणवठा क्रमांक सात

घोडेगाव सोडल्यावर एसटीत तिघंच उरलो:
मी, एक कोंबडी आणि तिची मालकीण.
आहुप्याला उतरले तेव्हा दुंदा असवले
माझ्या बुटांकडे बघून एवढंच म्हणाला,
"वाजतील."
मग वाट सोडून तो उतरणीला लागला
आणि त्याच्या टाचांच्या भेगा बघत
हिरड्यांच्या सावल्यांतून मी तासभर चालले.
एकदा थांबला, वाकला, लेंडी बोटांत चुरडली.
"भेकर. सकाळचं."
लेंडीत सकाळ कुठे असते, मला दिसली नाही.

मी सदाशिव पेठेत रक्त तपासते.
काचेवर बारीक चौकोन, त्यांतल्या पेशी मोजायच्या.
रेषेवर बसलेल्या पेशीचा नियम ठरलेला आहे:
वरच्या आणि डाव्या रेषेवरची धरायची,
खालच्या आणि उजव्या रेषेवरची सोडून द्यायची.
एकवीस वर्षं हेच.
म्हणून वाटलं, पौर्णिमेला जनावरं मोजणं जमेल.

जांभळीच्या बेचक्यात बांबूचं मचाण.
खाली खाटेएवढं पाणी, काळं,
चंद्र त्यात पुरता मावत नव्हता.
हातात तक्ता: वेळ, प्रजाती, नर, मादी, पिल्लू,
आले कुठून, गेले कुठे.
तक्त्यात पहिल्याच ओळीत ज्याचं नाव छापलं होतं
त्याचं नाव दुंदा रात्री घेत नाही.

बोलायचं नाही. खोकायचं नाही.
खोकला आलाच. ओढणी तोंडात कोंबली.
तेवढ्यात समोरच्या रानातून
कुणीतरी माझाच खोकला खोकलं.
दुंदानं कपाळाशी दोन बोटं धरली, शिंगांसारखी.
लिहिलं: ९.५०, भेकर, फक्त आवाज.
११.२०, रानडुकरं, नऊ. की दहा.
१.०५, साळिंदर, एकटं,
काडेपेटी हलवत चालल्यासारखं आलं,
पाणी प्यालं, गेलं.

मग पावणेचारला पाला वाजला.
दुंदा ताठ झाला. मी पेन उघडलं.
झाडीतून दोन हंडे आले,
त्यांच्याखाली दोन बाया.
एक वाकून तांब्या बुडवू लागली,
दगडाला लागू न देता,
दुसरी पाठमोरी, रानाकडे तोंड करून उभी.
गावाला बजावलं होतं,
आज रात्री गणना आहे, पाणवठ्यावर कुणी फिरकायचं नाही.

मी दुंदाकडे पाहिलं.
रात्रभर पापणी न हलवलेला माणूस
डोळे मिटून घोरत होता.
इतकं शिस्तीत घोरणं मी कधी ऐकलं नव्हतं.

एका हंड्याला एकवीस तांबे.
सवयच, मोजले गेले.
निघताना धाकटीनं मान वर केली, थेट माझ्याकडे,
आणि हळूच विचारलं,
"ताय, दिसलं का काही?"
मी मान हलवली.
हो म्हणून की नाही म्हणून, आठवत नाही.
"चल गं ठकू," दुसरी म्हणाली,
आणि हंडे झाडीत शिरले, ईशान्येला.

३.४५. पुढचा रकाना.
पेन कागदाला टेकलेलं,
टेकल्या जागी शाई पसरत गेली.
डावी रेषा, की उजवी.

सहाला शिट्टी झाली.
वनरक्षकानं तक्त्यावरून बोट फिरवलं.
"आणि हा डाग कसला?"
"पेन गळतं त्यांचं. पावणेचारपासून,"
दुंदा म्हणाला, तेव्हा झोपलेला.

सहा वाजून बारा मिनिटांनी, भर उजेडात,
शेकरू. तांबूस, लांबलचक,
शेपूट फांदीखाली सोडून निवांत बसलेलं.
जांभळं अर्धी खात होतं, अर्धी टाकत होतं.
एक माझ्या बुटावर पडलं.
"वेळ संपलीय मॅडम," वनरक्षक हसला,
"हे धरता येणार नाही."

मी ते उचललं, पुसलं,
उरलेलं अर्धं खाल्लं. तुरट.
पिशवीतून बाटली काढली.
तळाशी दोन घोट होते.
झाकण परत लावलं.